चोर सोडून संन्याशाला: क्रिएटिनची तीस वर्षं

चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरी यांनी 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हा खान्देशात तालमीच्या गप्पांना पुन्हा रंग चढला. गप्पा निघाल्या की खुराकावर येतातच. दूध, तूप, बदामाची थंडाई, घरात चालत असेल तर अंडी आणि काळ्या मसाल्याचं मटण, एवढं आमच्याकडे आजोबांच्या काळापासून ठरलेलं. त्याच सुमारास जळगावच्या महाबळ भागात, धुळ्याच्या देवपुरात जिम वाढत होत्या आणि तिथल्या काउंटरवर पांढऱ्या पुडीचे, म्हणजे क्रिएटिनचे, डबे मांडले जात होते. डब्यांच्या मागोमाग धास्तीही आली. या पुडीनं किडनी जाते, केस जातात, हार्मोन बिघडतात, पुढे मूलबाळ होत नाही. "हाई पावडर सोडी दे भो, तुनी किडनी जाई," हे वाक्य मी साक्रीपासून भुसावळपर्यंत ऐकलं आहे, आणि ते सांगणारा माणूस दर वेळी खऱ्या काळजीनं सांगत असतो. म्हणूनच ही धास्ती आली कुठून, हे नीट मागे जाऊन पाहायला हवं.

क्रिएटिन काही जिमवाल्यांचा शोध नाही. 1832 साली शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ते मांसाच्या अर्कातून वेगळं काढलं. पुढे 1847 मध्ये जर्मनीच्या लीबिगनं नोंदवलं, की शिकारीत धावून धावून मारल्या गेलेल्या कोल्ह्याच्या मांसात ते पिंजऱ्यातल्या कोल्ह्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. स्नायूंच्या कामाशी त्याचं नातं आहे, एवढं त्यातून कळलं. ते नातं काय, हे उलगडलं 1927 साली, आणि त्यात एका भारतीयाचा हात होता. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा बोस्टनला हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करत होते. स्नायूत क्रिएटिन फॉस्फेटच्या रूपात साठलेलं असतं आणि स्नायू आकुंचन पावताना ते खर्ची पडतं, हे या दोघांनी दाखवलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्यही याच पदार्थापर्यंत पोहोचलं होतं. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत इन्व्हर्टर जसा घर सांभाळतो, तसं हे फॉस्फेट पहिल्या काही सेकंदांच्या जोरकस कामाला ताकद पुरवतं. धोबीपछाड मारताना, गोळा फेकताना, शंभर मीटरची सुरुवात घेताना तेच कामाला येतं.

आपलं शरीर रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन स्वतः तयार करतं, मूत्रपिंड आणि यकृत मिळून. बाकीचं मांस-मासळीतून यायचं. एक किलो कच्च्या मांसात ते चार-पाच ग्रॅम असतं. लिटरभर दुधात मात्र दशांश ग्रॅमच्या आसपास, आणि बदामात नाहीच. म्हणजे तीन लिटर दूध पिणाऱ्या पैलवानाला प्रथिनं भरपूर मिळाली, क्रिएटिन जवळपास मिळालंच नाही. शाकाहारी माणसाच्या स्नायूत त्याचा साठा मुळात कमी असतो आणि पूड घेतल्यावर त्यालाच जास्त फरक जाणवतो, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. वारकरी, जैन, महानुभाव घरांनी भरलेल्या आमच्या दोन जिल्ह्यांना ही गोष्ट थेट लागू पडते.

पुडीचा काळ सुरू झाला 1992 मध्ये. स्टॉकहोममधल्या संशोधनातून हॅरिस, सोडरलुंड आणि हुल्टमन यांनी दाखवलं, की काही दिवस रोज 20 ते 30 ग्रॅम क्रिएटिन खाल्लं तर स्नायूंतला साठा वाढतो. त्याच वर्षीच्या बार्सिलोना ऑलिंपिकनंतर ब्रिटनचे विजेते लिनफर्ड क्रिस्टी आणि सॅली गनेल यांच्या तयारीत क्रिएटिन असल्याच्या बातम्या आल्या. वर्षभरात अमेरिकेत डबे विकायला निघाले. उत्तेजकांच्या बंदी यादीत क्रिएटिन तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

पहिला मोठा आळ आला तो कुस्तीतूनच. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतले तीन कॉलेज पैलवान महिन्याभरात दगावले. तिघंही वजनगटात बसण्यासाठी वजन उतरवत होते. त्यांनी क्रिएटिन घेतलं असावं, अशी बोंब झाली. सरकारी चौकशीत निघालं ते वेगळंच. पाणी तोडलेलं, घाम बाहेर पडू न देणारा सूट अंगात, आणि सुमारे 33 अंशांच्या तापवलेल्या खोलीत तासन्‌तास व्यायाम. शरीरातलं पाणी संपलं, ताप चढला, हृदय थांबलं. 33 अंश म्हणजे आमच्याकडे फाल्गुनातली दुपार. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो आणि तरीही जत्रेच्या कुस्तीआधी, स्पर्धेआधी दोन दिवस पाणी सोडून वजन उतरवणारी मुलं आहेत. त्या प्रकरणातून आम्ही उचलायला हवं होतं ते हे. उचलली ती क्रिएटिनची भीती. पुढे अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासात, उन्हात सराव करूनही क्रिएटिन घेणाऱ्यांना पेटके आणि पाणी कमी पडण्याचे त्रास जास्त तर झाले नाहीतच, उलट कमीच दिसले. पण ते कोण सांगणार?

दुसरा आळ 1998 चा, आणि तो आजतागायत पुसला गेलेला नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका पंचवीस वर्षांच्या ब्रिटिश तरुणाची हकीकत आली. क्रिएटिन घेतल्यावर त्याचं मूत्रपिंडाचं काम घटलं, बंद केल्यावर सुधारलं. त्या तरुणाला आधीपासून आठ वर्षं मूत्रपिंडाचा गंभीर आजार होता आणि त्यासाठी जबरी औषधं चालू होती, हे बातमीच्या प्रवासात गळून पडलं. पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या पोर्टमन्स आणि फ्रँको यांनी दहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत क्रिएटिन घेणाऱ्या खेळाडूंची तपासणी करून मूत्रपिंडं शाबूत असल्याचं नोंदवलं. खेळाडू मोजकेच होते, हे खरं. 2001 मध्ये फ्रान्सच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं कर्करोगाची शंका काढली, तीही पुढच्या तपासण्यांत टिकली नाही. 2004 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं शुद्ध क्रिएटिन रोज तीन ग्रॅमपर्यंत घेतल्यानं धोका संभवत नाही, असं मत दिलं.

तरी किडनीची भीती जिवंत राहिली, आणि ती जिवंत ठेवते लॅबच्या रिपोर्टमधली एक ओळ. आमच्या शेजारच्या मुलाचंच घ्या. वय चोवीस, पोलीस भरतीची तयारी, रोज पाच ग्रॅम पूड. एका तपासणीत सीरम क्रिएटिनिन आलं 1.42, ठळक अक्षरात. खाली संगणकानं काढलेला मूत्रपिंडाच्या क्षमतेचा आकडा 70. वयाच्या मानानं कमी. घरात त्या रात्री चूल पेटली नाही. आईनं डबा मोरीत रिकामा केला, वडील नाशिकचा मोठा डॉक्टर शोधू लागले. जवळच्या डॉक्टरांनी त्याला एवढंच विचारलं, "पावडर घेतोस का? काल जिममध्ये पाय मारले होते का?" दोन्हींचं उत्तर हो होतं.

स्नायूत साठलेल्या क्रिएटिनचा रोज थोडा भाग आपोआप क्रिएटिनिन होतो आणि लघवीवाटे जातो. रक्तात ते वाढलं तर मूत्रपिंड गाळायला कमी पडतंय, असा आपण अर्थ काढतो. पण ज्याच्या अंगात मांस जास्त, त्याचं क्रिएटिनिन मुळातच वरच्या बाजूला असतं. पूड घेणाऱ्याच्या शरीरात क्रिएटिनिन तयारच जास्त होतं, त्यामुळे गाळणी ठणठणीत असूनही आकडा चढतो. संगणकाचं सूत्र हे जाणत नाही. ते फक्त वय, लिंग आणि क्रिएटिनिन पाहतं. म्हणून अशा मुलाला सिस्टॅटिन सी नावाची वेगळी रक्ततपासणी आणि लघवीतली प्रथिनं पाहणं उपयोगी पडतं, कारण या दोहोंना पुडीशी घेणं-देणं नाही. ब्राझीलच्या ग्वालानो यांनी 2008 मध्ये याच सिस्टॅटिन सीच्या आधारे तीन महिने क्रिएटिन घेणाऱ्या निरोगी पुरुषांची मूत्रपिंडं तपासली आणि ती नीट असल्याचं दाखवलं. आमच्या त्या मुलाच्याही दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या. माझं डॉक्टरमंडळींना कळकळीचं सांगणं आहे, की भरतीच्या वयाच्या पोराचा असा रिपोर्ट हातात आला की घाबरवण्याआधी पुडीचा प्रश्न विचारा. आणि पोरांनो, तुम्हीही तो लपवू नका.

लांब पल्ल्याचा सर्वांत भक्कम पुरावा आला तो जिमबाहेरून. पार्किन्सनचा आजार क्रिएटिननं रोखता येतो का, हे पाहण्यासाठी अमेरिका-कॅनडात 1741 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना रोज 10 ग्रॅम, तेही किमान पाच वर्षांच्या बेतानं. उपयोग होत नाही म्हणून ती 2013 मध्ये थांबवली, निष्कर्ष 2015 मध्ये छापून आले. आजारावर काहीच फरक पडला नव्हता, पण साठीच्या आसपासच्या या आजारी माणसांत इतक्या वर्षांनीही क्रिएटिननं घातक परिणाम केल्याचं दिसलं नाही. तरण्याताठ्या, निरोगी पोरांनी रोजचे तीन ते पाच ग्रॅम घेण्याबद्दल मी निश्चिंत आहे, ते मुख्यतः या चाचणीमुळे. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, मधुमेह किंवा रक्तदाबानं मूत्रपिंडावर ताण आला आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. शाळकरी वयाच्या मुलांना तर त्याची गरजच नाही.

आता हार्मोन. ही भीती तरुणांना किडनीपेक्षा जास्त छळते, फक्त ती कोणी मोठ्यानं बोलत नाही. तिचं मूळ 2009 सालच्या एका अभ्यासात आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉश इथे वीस रग्बीपटूंना आठवडाभर रोज 25 ग्रॅम आणि पुढे दोन आठवडे रोज 5 ग्रॅम क्रिएटिन दिलं. टेस्टोस्टेरॉन जिथल्या तिथे राहिलं. पण त्यापासून बनणारं डीएचटी हे हार्मोन पहिल्या आठवड्यात 56 टक्क्यांनी वाढलं आणि नंतरही 40 टक्क्यांनी वरच राहिलं. डीएचटीचा आनुवंशिक टकलाशी संबंध आहे, म्हणून 'क्रिएटिननं टक्कल पडतं' हे वाक्य जन्माला आलं. त्या अभ्यासात कोणाचेही केस तपासले नव्हते. वाढलेलं डीएचटीही निरोगी पुरुषाच्या मर्यादेतच होतं, आणि क्रिएटिन घेणाऱ्या गटाची सुरुवातच खालच्या आकड्यापासून झाली होती. टेस्टोस्टेरॉनवर झालेल्या आणखी बारा अभ्यासांचा आढावा 2021 मध्ये निघाला. दोनांत किंचित वाढ, दहांत काहीच नाही. अखेर 2025 मध्ये इराणमधली चाचणी प्रसिद्ध झाली. व्यायाम करणारे 45 पुरुष, रोज पाच ग्रॅम, बारा आठवडे, आणि या वेळी हार्मोनसोबत केसांची दाटी आणि मुळंही मोजली. क्रिएटिन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत फरक नाही. बारा आठवडे हा टकलाच्या हिशेबानं छोटा काळ आहे, हे मान्य. पण ज्या एका अभ्यासावर सोळा वर्षं धास्ती उभी राहिली, त्यात तर तीनच आठवडे होते.

मग पोरांना दिसतं ते काय असतं? कारण काही जणांचे केस खरोखर गेलेले असतात, छाती बायकांसारखी वाढलेली असते, चेहऱ्यावर पुटकुळ्या आणि मनात न बोललेली लाज असते. हे सगळं बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडचं काम. बाहेरून पुरुषी हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, वृषणं आकसतात, शुक्रजंतू घटतात. असा मुलगा घरी आणि डॉक्टरांनाही सांगतो, की मी फक्त क्रिएटिन घेत होतो. इंजेक्शनचं नाव घेता येत नाही, डब्याचं घेता येतं. आळ डब्यावर जातो.

आणि कधी कधी मुलाला स्वतःलाही माहीत नसतं. 2000-01 मध्ये तेरा देशांतून गोळा केलेली 634 पूरकं जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेनं तपासली. डब्यावर हार्मोनचा उल्लेख नसलेल्या या मालातल्या 94 नमुन्यांत, म्हणजे जवळपास पंधरा टक्क्यांत, स्टेरॉइड सापडलं. भारतात 2024 मध्ये प्रथिनांच्या 36 पुडी तपासल्या, तेव्हा पंचवीसांवरची माहिती खोटी निघाली. त्यामुळे दुकानदार 'मास', 'टेस्टो', 'अल्ट्रा' असं नाव आणि वीस घटकांची यादी असलेला डबा पुढे करतो, तेव्हा भीती तिथे वाटायला हवी. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट पांढरं, बिनवासाचं असतं, गार पाण्यात पुरतं विरघळत नाही आणि ग्लासाच्या तळाशी बारीक वाळूसारखं बसतं. ते सगळ्यांत स्वस्तही असतं. बहुतेक म्हणूनच काउंटरवर ते मागच्या फळीत असतं.

भरतीच्या पोरांसाठी एक हिशेब अजून उरतो. पोलीस शिपाई भरतीत मुलांच्या मैदानी चाचणीचे पन्नास गुण. 1600 मीटरला वीस, शंभर मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. क्रिएटिन मदत करतं ती शेवटच्या दोन्हींना. त्यानं स्नायूत पाणी साठून एखाद-दोन किलो वजन वाढतं आणि 1600 मीटरला ते अंगावर वाहून न्यावं लागतं. राज्य राखीव दलाच्या भरतीत तर शंभरपैकी पन्नास गुण पाच किलोमीटरचेच आहेत. धुळ्याच्या मैदानावर पहाटे पाचला पळणाऱ्या, पळण्यात मागे पडणाऱ्या मुलाला मी म्हणेन, की बाबा, पुडीवर खर्च होणारे पैसे आधी चांगल्या बुटांवर घाल. ज्याचा गोळाच पाच मीटरच्या पुढे जात नाही, त्यानं आधी रक्त-लघवी तपासून घ्यावी, मग रोज एक सपाट चमचा घ्यावा, सुरुवातीच्या वीस ग्रॅमच्या मोठ्या मात्रेच्या भानगडीत पडू नये, आणि चैत्र लागला की पाण्याची बाटली हातातून सोडू नये.