जुन्या फियाटची धग

मे महिन्यात बुऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाजापाशी दुपारी उभं राहवत नाही. अशा वेळी जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन असीरगडच्या चढाला लागलात, तर टपावरच्या उन्हाआधी पेडलवरचे पाय भाजू लागतात. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. हौशी मंडळींनी मात्र कुर्ल्याच्या कारखान्यातली ही १०८९ सीसीची गाडी अजून जपली आहे, धगीसकट.

पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. उरलेली रेडिएटर, सायलेन्सर आणि इंजिनाच्या अंगावरून उष्णता होऊन बाहेर पडते. ती आणि आपले पाय यांच्यात असतो एक पत्रा, फायरवॉल. धग जाणवली की बहुतेक जण नमद्याची जाड मॅट आणून टाकतात. मला हा उलटा क्रम वाटतो, कारण पहिला चोर पत्र्यातली भोकं हा असतो. स्टिअरिंगचा दांडा, पेडलच्या जोडण्या, वायरिंग जिथून आत येतात तिथली रबरं वर्षानुवर्षांच्या तापाने कडक होऊन तडकतात. त्यात गाडी पळताना उघड्या खिडक्यांमुळे आतला दाब किंचित कमी होतो आणि बॉनेटखालची गरम हवा त्या फटींतून आत ओढली जाते. वाऱ्यासाठी काच खाली करावी, तर पायाशी आणखी झळ! रात्री बॉनेटखाली दिवा लावून अंधाऱ्या गाडीत बसा; उजेड जिथून दिसेल तिथे नवं रबर बसवायचं.

फटी बुजल्या तरी झळ उरते, ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातला जळका वायू गोळा करणाऱ्या नळ्यांची. चुलीसमोर तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, तसं हे प्रारण हवेची वाट न बघता थेट येतं. शिवाय ते निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं: ३०० अंश सेल्सिअसचा मॅनिफोल्ड ६०० अंशांवर गेला, की प्रारण पाचपटींहून जास्त होतं. इथे नमद्यापेक्षा चकचकीत अॅल्युमिनियमचा पत्रा कामाचा, कारण तो अवरक्त किरणांचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग परतवतो. पण फायरवॉलला चिकटवला तर ताप वहनाने पलीकडे जाणारच. मध्ये एक-दोन सेंटिमीटर मोकळी जागा हवी, वर-खाली उघडी, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. पत्रा काजळीने काळवंडला की निम्मं काम गेलं, म्हणून तो पुसत राहायचा. नमदा आतल्या बाजूला ठीक. ऑइल प्यालेला नमदा सायलेन्सरजवळ ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. जुनं अॅस्बेस्टॉसचं अस्तर सापडलं, तर ते कोरडं खरवडू नका. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो.

उन्हाळ्यात इंजिनाजवळच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं गुंडाळायची जुन्या ड्रायव्हरांची युक्तीही याच तापावरची: पेट्रोलची वाफ झाली की पुरवठा तुटून गाडी बंद पडते.

आणि पत्रा ठोकण्याआधी इग्निशनचं टायमिंग तपासून घ्या. ठिणगी उशिरा पडली, की ज्वलनाची उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते आणि मॅनिफोल्ड नाहक तापतो.