घशाचा कॅन्सर आणि रक्तगट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घशाच्या कॅन्सरचं निदान झालं की नातेवाईक फाइलमधला शब्द न् शब्द वाचून काढतात. मग कुणीतरी म्हणतं, 'ए पॉझिटिव्ह आहे, जरा जपा.' हे कितपत खरं?

गैरसमज : रक्तगटाचा आणि कॅन्सरचा काडीचाही संबंध नाही.
वस्तुस्थिती : थोडा आहे. 'ए' गटात जठराचा कॅन्सर किंचित जास्त आढळतो, हे ब्रिटनमध्ये १९५३ सालीच दिसलं होतं. रक्तगट ठरवणारे शर्करेचे रेणू लाल पेशींप्रमाणेच तोंड-घशाच्या अस्तरावरही असतात. पेशी कॅन्सरच्या झाल्या की ते बऱ्याचदा नाहीसे होतात. संशोधकांना या विषयात रस वाटतो तो म्हणूनच.

गैरसमज : 'ओ' गटवाले तरतात, 'ए' गटवाल्यांचं अवघड असतं.
वस्तुस्थिती : घशाच्या कॅन्सरबाबत वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. डॉक्टर स्टेज ठरवतात ती गाठीचा आकार व पसारा, मानेतल्या लसिकाग्रंथी आणि इतर अवयवांतला फैलाव पाहून. त्यात रक्तगट नसतो. तो केसपेपरवर लागतो, कारण ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवावं लागलं तर जुळणारी पिशवी हवी.

गैरसमज : एकाच जागी, एकाच स्टेजचा कॅन्सर म्हणजे आयुष्यही तेवढंच.
वस्तुस्थिती : टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे झाला असेल, तर उपचारांना चांगली साथ देतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते; विषाणू नसलेल्यांत हेच प्रमाण ५७ टक्के होतं. धूम्रपानाने दोन्हीकडे धोका वाढलेला दिसला.

गैरसमज : रक्तगटाप्रमाणे पथ्य पाळलं की गुण येतो.
वस्तुस्थिती : या आहारपद्धतीला शास्त्रीय आधार नाही. रेडिएशनच्या काळात घसा सोलवटतो, घोट गिळणंही नको होतं आणि वजन झपाट्याने उतरतं. अशा वेळी दूध किंवा अंडी बंद करणं अंगाशी येऊ शकतं. गरज पडल्यास नाकातून नळी घालून अन्न देतात.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचं ते हे : स्टेज कोणती? मानेत गाठी आहेत का? टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी आजार असेल, तर एचपीव्हीसाठी पी-१६ तपासणी झाली का? आणि घरी तंबाखू, मिश्री, बिडी आजपासून बंद. रेडिएशन चालू असताना धूम्रपान केलं, तर उपचारांचा परिणाम कमी होतो.