वाय-फायच्या सूचना : ‘जोडले’ या पदाची मर्यादा

दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी शिष्यवृत्तीचा अर्ज स्मार्टफोनवरूनच भरणाऱ्या विद्यार्थ्यास वाय-फायची सूचना नीट वाचता येणे अगत्याचे आहे. ‘जोडले’ हे पद केवळ जवळच्या राउटरशी झालेला संबंध दर्शविते. इंटरनेटपर्यंतची वाट मोकळी असल्याची ग्वाही ते देत नाही. ती परीक्षा अँड्रॉइड स्वतंत्रपणे घेते. ठरावीक सर्व्हरला विनंती धाडून २०४ या संकेताच्या रिकाम्या उत्तराची ते वाट पाहते. त्याऐवजी दुसरेच पान आले, तर साइन इन करण्याची सूचना मिळते. काहीच न आल्यास इंटरनेट नसल्याचे कळते.

लिनेजओएससारखी (२०१६) प्रणाली बसवून बदललेल्या फोनात ही परीक्षा बंदही करता येते. मग सूचनांचा उपद्रव टळतो खरा. परंतु वसतिगृहाच्या वाय-फायचे प्रवेशपान आपणहून पुढे येत नाही, आणि ‘जोडले’ असूनही अर्ज अडून राहतो. तेव्हा बंद करावयाची ती खुल्या नेटवर्कची सूचना, ही परीक्षा नव्हे.

अँड्रॉइड १० पासून (२०१९) फोन सामान्यतः प्रत्येक नेटवर्कला निराळा यादृच्छिक मॅक पत्ता दाखवितो. जेथे पत्ता नोंदवून प्रवेश दिला जातो, तेथे त्या नेटवर्कपुरता फोनचा मूळ पत्ता निवडावा. ‘खुले’ याचाही अर्थ येथे ‘पासवर्डवाचून’ एवढाच होय. ‘निर्धोक’ असा नव्हे.