कुणाला विचारायचं, आणि कधी?



गटाचा उद्योग सांभाळणाऱ्या ताईने कोणता निर्णय स्वतः घ्यायचा आणि कोणता बैठकीत आणायचा, हे तुमच्या ठराव वहीत लिहिलेलं आहे का? आमच्या वहीत नव्हतं.

आमच्या एका गटाचं मिरची कांडप आहे. मार्चमध्ये, ऐन तिखट करायच्या दिवसांत, सोमवारी मोटार जळाली. बैठक शुक्रवारी. गिऱ्हाईक थांबतंय कशाला? ताईने मोटार तालुक्याला नेली, वाइंडिंग करून त्याच दिवशी बसवली. खर्च २,८०० रुपये, पावतीसकट. शुक्रवारी पहिलाच प्रश्न आला, "कुणाला विचारून केलंस गं?"

ती गप्प बसली. पण तेव्हापासून ती सगळंच विचारायला लागली, अगदी पिशव्या आणायच्या तरी. एक व्यापारी चांगली वाळलेली मिरची कमी भावात द्यायला तयार होता. ही म्हणाली, "बैठकीत विचारते." तो पुढच्या गावाला गेला आणि तसलीच मिरची गटाला किलोमागे २० रुपये जास्त मोजून घ्यावी लागली. एप्रिलात ताईने किल्ल्याच आमच्यापुढे ठेवल्या.

चूक आमची होती. तिला जबाबदारी सगळी दिली, अधिकार किती ते सांगितलंच नाही.

मग रोजकीर्द काढून बसलो. पिशव्या, पट्टा, तेलपाणी, वीजबिल. जो खर्च दर महिन्याला होतोच, त्याला दरवेळी परवानगी कसली? त्यावरून आकडा ठरला. ३,००० रुपयांपर्यंत ताई एकटीने ठरवेल. त्यापुढे १०,००० पर्यंत अध्यक्ष किंवा सचिवाला फोन करायचा. त्याहून मोठा खर्च, कर्ज, नवं यंत्र, कांडपाचा दर, मजुरी हे सगळं पूर्ण गटापुढे. बँकेतून पैसे काढायला दोन सह्या लागतात, ते तसंच ठेवलं. म्हणून ३,००० रुपये रोख ताईजवळ ठेवायचे ठरले. हातात पैसाच नसेल तर अधिकार घेऊन ती करणार काय? ती बाहेरगावी असली तर कुणी बघायचं, तेही नाव लिहिलं.

उधारी मात्र एक रुपयाचीही तिने एकटीने द्यायची नाही. हा नियम ताईलाच जास्त आवडला. जावेला नाही म्हणायचं तर आता ठरावाकडे बोट दाखवता येतं!

एका मुद्द्यावर दोन बैठका गेल्या. मर्यादेत राहून घेतलेला निर्णय फसला, तर भरपाई कुणी करायची? "तिनेच," असं काहीजणी म्हणाल्या. आम्ही विचारलं, मग नफा झाला तर तोही तिचाच का? शेवटी लिहिलं, की पावती असेल आणि नोंद त्याच दिवशी झाली असेल, तर तोटा गटाचा. पावती नसेल तर उत्तर तिने द्यायचं. आमच्या मते सगळ्या ठरावात हीच ओळ महत्त्वाची. खिशातून भरावं लागेल या भीतीने कुठलीच बाई निर्णय घेत नाही.

सहा महिन्यांनी आकडे पुन्हा बघायचे, कारण भाव बदलतात.

वाचून झाल्यावर सगळ्यांनी सह्या केल्या, किल्ल्या परत ताईकडे गेल्या. ठरावाची नक्कल कांडपाच्या भिंतीवर चिकटवली आहे. गेल्या महिन्यात पट्टा तुटला. तिने ६५० रुपयांचा नवा बसवला, शुक्रवारी पावती वहीला लावली, आणि बैठक पुढच्या विषयाकडे गेली.