ब्लॅकआउटच्या रात्रीचा दिवा

३ डिसेंबर १९७१च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोट, अमृतसरसह अनेक विमानतळांवर हल्ले केले. त्यानंतर मुंबई रात्री ब्लॅकआउटच्या अंधारात गेली. छोट्या गावातल्या घरालाही, वेळ आलीच, तर तीच युक्ती करावी लागेल; म्हणून ती समजून घेऊ.

वैमानिकाला उंचावरून एकेक घर दिसत नाही. दिसतात त्या दिव्यांच्या रांगा. त्यांवरून रस्ता, स्टेशन, बंदर ओळखता येते. म्हणून ब्लॅकआउट म्हणजे घरात अंधार करणे नव्हे, तर उजेड बाहेर जाऊ न देणे.

त्यासाठी खिडक्यांना काळा किंवा जाड खाकी कागद लावत. बल्बभोवती कागदाची नळकांडी गुंडाळत. उजेड फक्त खाली, जेवणाच्या ताटापुरता पडे. कंदिलाची वात खाली करत. काचांवर कागदी पट्ट्यांची फुली चिकटवत, ती मात्र उजेडासाठी नव्हे, काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून. गाड्यांच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवत. खरी परीक्षा अंगणात: बाहेर उभे राहून फट शोधायची. दारातून मात्र उजेड निसटतोच, म्हणून आधी दिवा घालवायचा, मग कडी काढायची.

भोंगा खालीवर होत वाजला तर धोका, एकसुरात वाजला तर धोका टळला.

आज रडार आणि उपग्रह अंधारातही लक्ष्य शोधतात. तरीही ७ मे २०२५ रोजी मुंबई, पुणे, नाशिकसह देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. कारण शिस्त आयत्या वेळी शिकता येत नाही.