रंग उतरला की भाव उतरतो

वाणसामान : भाग ६

सांगली-तासगावचे बाजारभाव वर्तमानपत्रात छापून येतात तेव्हा बेदाण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो : आधी हिरवा, मग पिवळा आणि शेवटी काळा. क्रम रंगांचा दिसतो, पण असतो भावांचा. हिरव्याला सर्वांत चढा दर, काळ्याला सर्वांत उतरता. कित्येकदा तिन्ही बेदाणे एकाच शिवारातले आणि एकाच जातीच्या द्राक्षांचे असतात. घड वेलीवरून उतरल्यानंतरच्या पंधरवड्यात त्यांचं काय झालं, यावर त्यांचा भाव ठरतो.

मागच्या भागात आपण शेंगदाणा तेलाच्या घाण्यापर्यंत आलो होतो. आज दुकानातल्या खालच्या फळीकडे वळू. तिथे सातारा-सांगलीत सहज मिळणाऱ्या आणि खिशाला परवडणाऱ्या तीन जिनसा असतात : काळपट बेदाणा, गडद गूळ आणि हुलगा. पहिल्या दोघांना रंगाने मागे टाकलं आहे, तिसऱ्याला नावलौकिकाने. गुणांत त्या किती मागे आहेत, हे मात्र सहसा कुणी तपासत नाही.

हिरवा, पिवळा, काळा

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडावर बेदाण्याची शेड लागतात. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो आतलं पाणी सहजी बाहेर पडू देत नाही. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’ यांच्या द्रावणात बुडवतात. त्याने मेणाच्या थराला बारीक वाटा पडतात. मग शेडमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर सावलीत घड पसरले, की साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांमागे एक किलो, हा ढोबळ हिशेब.

हिरवेपणा टिकतो तो सावलीमुळे आणि वाळण्याच्या वेगामुळे. द्राक्षात एक विकर असतं. हवेचा संपर्क आला, की ते फळातल्या काही द्रव्यांना तपकिरी करतं. चिरलेलं वांगं काळं पडतं तेही याच कारणाने. दाणा भराभर वाळला तर या विकराला काम करायला पुरेसं पाणी आणि वेळ मिळत नाही. गंधकाची धुरी दिली तरी ते थंडावतं आणि पिवळाधमक माल मिळतो. पण ऐन हंगामात ढग आले, अवकाळी पाऊस झाला, की वाळायला जास्त दिवस लागतात. तेवढ्यात रंग जातो आणि रंगाबरोबर भावही.

रंग गेला म्हणून दाण्यातली साखर, तंतू किंवा पोटॅशियम फारसं कुठे जात नाही. शिरा, खीर, लाडू, पुलाव यांत बेदाणा तसाही तुपात परतून तांबूस होतो. तिथे हिरव्या रंगासाठी वरचे पैसे मोजणं म्हणजे तळायच्या वस्तूला आधी रंग लावून घेणं. शिवाय गंधकाच्या अंशाने ज्यांचा दमा बळावतो, त्यांनी पिवळ्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

मात्र काळा माल सरसकट चांगला असं समजू नका. त्याच ढिगात पावसात सापडून बिघडलेला मालही येतो. मूठभर घेऊन दाबा. दाणे सुटे झाले तर ठीक, गोळा चिकटून राहिला तर ओल आहे. वास घ्या. आंबूस किंवा बुरशीचा वास आला तर कितीही स्वस्त असला तरी नको. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मूळ ठिकाणाची ओळख सांगतं. हातातली मूठ कोरडी आहे की ओली, हे आपलं आपणच पाहायचं.

पिवळ्या ढेपेचा हट्ट

गुळाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण इथे रंग बिघडत नाही, बनवला जातो.

गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत पडतो. चुलवाणात त्याच उसाची चिपाडं जळत असतात. रस तापला, की त्यात चुन्याची निवळी जाते. त्याने आंबटपणा कमी होतो आणि ढेप घट्ट बसते. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला, की गढूळपणा त्याला धरून वर येतो. ती मळी काढत राहायची. पुढचा सगळा खेळ गुळव्याच्या नजरेचा. ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास काहील उतरवावी लागते. अलीकडे उतरवली तर गूळ पातळ राहतो, पलीकडे गेली तर करपतो. दहा किलो उसामागे जेमतेम किलोभर गूळ पडतो.

एवढ्या कसरतीनंतर जो गूळ निघतो, त्याचा नैसर्गिक रंग तांबूस ते तपकिरी. पण पश्चिम महाराष्ट्राचा गूळ मोठ्या प्रमाणावर गुजरातला जातो आणि तिथल्या पेठेला पिवळाधमक माल लागतो. सौद्यात बोली रंगावर लागते. मग काही गुऱ्हाळांवर ‘हायड्रॉस’, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, काहिलीत पडतं. ते रंग तात्पुरता उडवतं. गुळात गंधकाच्या अंशाला कायद्याने मर्यादा आहे : दहा लाख भागांत ७० भाग. पण काहिलीत टाकलेली मूठ काही त्या हिशेबाने मोजलेली नसते. आणि रंग उडवलेला गूळ हवेत राहिला, की काही आठवड्यांत पुन्हा काळपट पडू लागतो. म्हणजे ज्या पिवळेपणासाठी जादा पैसे दिले, तो फडताळात ठेवल्या ठेवल्या निघून जातो.

तेव्हा गडद ढेप घ्यावी का? बहुतेक वेळा हो, पण डोळे उघडे ठेवून. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळही गडद होतो आणि जिभेला खारट लागतो. मळी नीट न काढलेला किंवा करपलेला गूळही काळा दिसतो. म्हणून खडा तोंडात टाकून पाहावा. खारट लागू नये, कडवट शेवट नको, दाताखाली वाळू नको. साखर मिसळून केलेल्या गुळात मोठे चकचकीत स्फटिक दिसतात.

एक गैरसमज मात्र इथेच मोडलेला बरा. गडद गुळात लोह, कॅल्शियम, पोटॅशियम साखरेपेक्षा जास्त असतं हे खरं, पण गूळ म्हणजे अखेर बव्हंशी साखरच. मधुमेह असलेल्याने ‘गूळ चालतो’ म्हणून मोकळीक घेऊ नये. गडद गुळाची खरी मिळकत चवीत आहे. आमटीत, चिंचेच्या सारात, शेंगदाण्याच्या लाडवात त्याचा थोडासा कडसरपणा लागतो, तो पिवळ्या ढेपेत सापडत नाही.

पाऊस हटला तिथलं कडधान्य

सातारा जिल्हा पावसाच्या बाबतीत एक जिल्हा नव्हेच. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. माण, खटाव, आणि सांगलीकडचे आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सगळा सलग दुष्काळी टापू. इथल्या मुरमाड, उथळ जमिनीत जे पीक नांगी टाकत नाही, ते हुलगा. खत फारसं मागत नाही आणि दोन सरींमधल्या लांब उघडिपीत तग धरून राहतं.

हेच त्याच्या नावलौकिकाला बाधलं. दुसरं काही आलं नाही तर हुलगा, बैलाला आणि घोड्याला शिजवून घालायचा तो हुलगा, अशी त्याची ओळख झाली. पाहुण्यांपुढे हुलग्याची आमटी ठेवायला घरची बाई संकोचायची. कोकणात मात्र हाच दाणा कुळीथ होऊन पिठल्याच्या रूपाने मानाने ताटात बसला.

आता पोषणाचा हिशेब पाहा. १०० ग्रॅम हुलग्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे तूरडाळीच्या बरोबरीने. स्निग्धांश नगण्य. कॅल्शियम तूरडाळीच्या तिपटीहून अधिक. लोहही तिच्याहून बरंच जास्त. अर्थात धान्या-कडधान्यातलं लोह शरीराला सगळं लागू होत नाही. हुलग्याच्या सालीतले तुरट घटक ते अडवून धरतात. त्यावर उपाय साधे आहेत : रात्रभर भिजवणं, मोड आणणं, ताटात लिंबाची फोड ठेवणं आणि जेवणावर लगेच चहा न घेणं.

माणदेशाने हे आपल्या पद्धतीने केव्हाच सोडवलं आहे. हुलगे खमंग भाजून दळले, की त्या पिठाचं माडगं होतं. थंडीच्या दिवसांत गरमागरम, कुणाकडे गुळाचं, कुणाकडे मिठाचं. शेंगोळे ही तर पूर्ण जेवणाची सोय. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट-मीठ घालून घट्ट मळायचं, हातावर बोटाएवढ्या वळ्या वळायच्या आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. वळ्या शिजतात आणि त्यांचंच पीठ सुटून रस्सा दाट होतो. वेगळी आमटी नको, भाजी नको. अख्खे हुलगे शिजवले तर त्यांचं पाणी ओतून द्यायचं नाही. त्या कळणाला लसणाची फोडणी आणि दोन आमसुलं दिली, की सार तयार.

हुलग्याची खरी किंमत पैशात नाही, वेळेत द्यावी लागते. दाणा टणक, साल जाड. निवडताना खडे बारकाईने काढावे लागतात, कारण बारीक खडा आणि हुलगा रंगाने सारखेच. न भिजवता कुकरला लावला तर इंधन जळतं आणि दाणा तसाच राहतो. घाईच्या घरात तो मागे पडला, त्याला हेही एक कारण आहे. भाजून दळून आणलेलं पीठ डब्यात ठेवलं, की ही अडचण निम्म्याने कमी होते.

वेळ वाचवू नये असं एक कडधान्य

हुलग्याच्या शेजारच्याच तालुक्यात वेगळं नशीब घेऊन आलेला भाऊबंद आहे. कोरेगावचा वाघ्या घेवडा. फिकट दाण्यावर लालसर पट्टे, म्हणून वाघ्या. भौगोलिक मानांकन त्यालाही मिळालं आहे आणि उत्तरेत तो राजमा म्हणून खपतो. हुलग्याइतका तो स्वस्त नाही, म्हणून त्यावर जास्त थांबत नाही. पण एक सूचना महत्त्वाची. कच्च्या घेवड्यात एक घटक असा असतो, की तो नीट न शिजता पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि खळखळून उकळू द्या किंवा सरळ कुकरमध्ये शिजवा. मंद आचेवर कोमट पाण्यात तासन्‌तास ठेवणं हा सर्वांत वाईट मार्ग, कारण तेवढ्या उष्णतेने तो घटक मरत नाही.

जिथे रंग हाच माल

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग रंगाकडे पाहायचंच नाही का? हळदीकडे पाहायचं. बेदाण्यात आणि गुळात रंग हा वरचा साज आहे. हळदीत पिवळा रंग म्हणजेच कर्क्युमिन, आणि त्याच्याचसाठी आपण हळद घेतो. इथे रंगाला भाव मिळणं रास्त आहे.

पण रास्त भाव असला, की खोटा रंगही येतो. बांगलादेशात हळदीला पिवळेपणा यावा म्हणून शिशाचं क्रोमेट वापरलं जात होतं आणि ते लोकांच्या रक्तात उतरत होतं, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. ही भेसळ नुसत्या पुडीत नव्हती. हळकुंडांना चमक देतानाही ती पूड लावली जात होती. म्हणून अख्खं हळकुंड घेणं चांगलंच, पण ते अतिपिवळं, हाताला रंग सोडणारं नको. थोडं मळकट, मोडल्यावर आत गर्द नारिंगी दिसणारं हळकुंड बाहेरून चकचकीत असलेल्यापेक्षा केव्हाही भरवशाचं.

तेव्हा दुकानात एकाच जिनसेचे दोन भाव दिसले, तर वरच्या भावात नेमकं काय जास्त मिळतंय एवढं विचारावं. स्वच्छता, कोरडेपणा, निवडण्याची मेहनत यांचे पैसे असतील तर खुशाल द्यावेत. नुसत्या रंगाचे असतील, तर तो रंग आपल्या पातेल्यात टिकणार आहे का, हे आधी पाहावं. आणि भाव पडण्याचं कारण ‘हे गरिबाघरचं’ एवढंच असेल, तर तो जिन्नस न बिचकता किलोभर जास्त घ्यावा.

*पुढील भागात : सांगलीची हळद. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत ती किडीविना कशी टिकायची आणि २००५ च्या महापुराने त्या पेवांचं काय केलं.*