नळावरच्या भांडणापासून

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 या दोन महिन्यांत मुंबईतल्या दंगलींत 900 माणसं मारली गेली, असं त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. त्याच दिवसांत मुंबईजवळची भिवंडी शांत राहिली. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून याच भिवंडीत उसळलेली हिंदू-मुसलमान दंगल जळगाव आणि महाडपर्यंत पोचली होती. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली आणि पोलीस तपासातल्या पक्षपातावर स्पष्ट बोट ठेवलं. मे 1984 मध्ये शहर पुन्हा पेटलं. दंगल म्हटली की भिवंडीचं नाव आधी घ्यावं, अशी या गावाची ओळख झाली होती.

1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले. सण जवळ आला की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बोलवायची, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी सलोख्याची भाषणं करायची, चहा पिऊन उठायचं, ही तोवरची रीत. खोपड्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत वस्तीतली साधी माणसं घेतली, हिंदूही आणि मुसलमानही. जबाबदारी ठाण्यातल्या फौजदार-हवालदारांवर टाकली. त्यांनी वस्तीत जाऊन बसायचं आणि लोकांची रोजची गाऱ्हाणी ऐकायची.

ही गाऱ्हाणी कसली होती, ते भिवंडीची गल्ली पाहिल्याशिवाय कळत नाही. एका भिंतीच्या अलीकडे यंत्रमागाचा कारखाना, पलीकडे कुणाचं तरी स्वयंपाकघर. मागांची खटखट रात्रंदिवस. हादऱ्यांनी फळीवरचे डबे सरकतात, कापसाचे पांढरे तंतू उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात. उत्तर प्रदेशातून आलेला कामगार पाळी संपवून मागांच्याच खोलीत झोपतो. पद्मानगरात तेलुगू बोलणारे पद्मशाली, निजामपुऱ्यात पिढीजात मुसलमान घरं. नळाला पाणी कमी, गटारं उघडी. भांडण लागतं ते पाण्याच्या पाळीवरून, तुंबलेल्या मोरीवरून, थकलेल्या मजुरीवरून, नवऱ्याच्या मारहाणीवरून. अशा भांडणातल्या दोन बाजू दोन धर्मांच्या निघाल्या की एखाद्या अफवेला तेवढं पुरतं. समितीत ही भांडणं मिटू लागली आणि त्याबरोबर हवालदाराला वस्तीतली माणसं नावानिशी कळू लागली. कोण भडक डोक्याचा, कुणाचं कोण ऐकतं, हे त्याला खबऱ्याला विचारावं लागेना.

डिसेंबर 1992 उजाडला तेव्हा खोपडे भिवंडीत नव्हते. उपायुक्तपदी गुलाबराव पोळ होते. त्यांनी समित्या चालू ठेवल्या. मला या साऱ्या हकिकतीत हे सर्वांत मोलाचं वाटतं. खोपड्यांनी पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिलं. अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही या प्रयोगाची दखल घेतली.

पण पोळांच्या जागी दुसरा कुणी आला असता आणि त्याने समित्या गुंडाळल्या असत्या, तर त्याला जाब विचारणारा एकही नियम नव्हता. ही उणीव किती महाग पडू शकते, ते पुढे दिसलं. 5 जुलै 2006 रोजी क्वार्टर गेट भागात, कब्रस्तानालगत पोलीस ठाण्याची नवी इमारत बांधण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोन माणसं गेली आणि जमावाने दोन पोलीस शिपायांचा जीव घेतला. वाद एका जागेचा होता. समितीत मांडून, चार बैठका घेऊन सोडवता येण्याजोगा. या चार मरणांचं दुःख मला म्हणून अधिक वाटतं.

अशा समित्यांना कायद्याचा आधार देता आला असता. नगरपालिकांना अधिकार देणारी 74 वी घटनादुरुस्तीही संसदेने डिसेंबर 1992 मध्येच मंजूर केली. तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरात प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत, असं ती सांगते. 2011 च्या जनगणनेत भिवंडी सात लाखांच्या पुढे गेलेली आहे. पण प्रभाग समितीत मुख्यतः नगरसेवकच बसतात. 2009 मध्ये राज्याने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, मतदारांनी आपल्या भागाचे प्रश्न स्वतः मांडावेत म्हणून. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच आहे. शिवाय पाणी पालिकेचं आणि पोलीस राज्याचे, त्यामुळे नळावरचं भांडण ठाण्यात गेलं तर हवालदार नळ दुरुस्त करू शकत नाही, आणि पालिकेत गेलं तर अभियंत्याला मारामारीशी कर्तव्य नसतं. क्षेत्रसभा ठरलेल्या तारखेला भरावी, तिथे बीट हवालदार आणि पाणीखात्याचा अभियंता या दोघांनी हजर राहणं सक्तीचं असावं, आणि अधिकारी बदलला तरी इतिवृत्ताची वही नव्या माणसाच्या हाती सही घेऊन सोपवली जावी, एवढं तरी राज्याने कायद्यात घालावं.